दुसऱ्या मजल्यावरची फेरी

दूध उतू गेलं तेव्हा विश्राम शेगडीपासून चार हातांवर बसला होता. सरावलीच्या त्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला दार नाही, नुसती कमान आहे. त्याची पाठ ओट्याकडे, चष्मा नाकावर आणि हातात कालचा पेपर. पहिली पाळी असली की तो साडेपाचलाच तयार होऊन बसतो. कंपनीची बस सव्वासहाला नाक्यावर येते. दूध उतू गेलं, खाली सांडलं, पातेल्यात उरलेलं करपलं, करपून काळं झालं, आणि हा आपला क्रिकेटचं पान वाचतोय. जयवंती न्हाणीतून ओल्या केसांनी धावत आली, तिनं शेगडी बंद केली, खिडकी उघडली आणि पातेलं तसंच हातात धरून नवऱ्याकडे बघत उभी राहिली.

"आख्ख्या बिल्डिंगीला कळलं. तुमाला वास नाय आला?"

"सर्दी हाय," विश्राम म्हणाला.

"कदी झाली?"

तो बुटांच्या नाड्या बांधायला लागला आणि बांधलेल्याच पुन्हा सोडून बांधत बसला. सर्दी वगैरे काही नव्हती. चार वर्षांपूर्वी, कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी, घरातल्या सगळ्यांनाच ताप आला आणि सगळ्यांचाच वास गेला. जयवंतीचा पंधरा दिवसांत परत आला, मुलीचा महिन्याभरात, शेजाऱ्यांचा त्याच सुमारास. विश्रामचा गेला तो गेलाच. दुसऱ्या कुणाचा गेला असता तर त्यानं चारचौघांत सांगून थोडी हळहळ पदरात पाडून घेतली असती, नातेवाइकांनी ओव्याच्या पुरचुंड्या सुचवल्या असत्या आणि विषय मिटला असता. विश्रामला हे परवडणारं नव्हतं. तारापूरच्या ज्या रसायनांच्या कारखान्यात तो सत्तावीस वर्षं होता तिथे त्याला नावानं कमी आणि नाकानं जास्त ओळखत. रोज पहिल्या पाळीला, एकही मोटर सुरू व्हायच्या आधी, सगळ्यात जुना ऑपरेटर रिॲक्टरच्या दुसऱ्या मजल्यावर एकटा फेरी मारतो. प्रत्येक जोडापाशी, झडपेपाशी, पंपापाशी थांबतो, हुंगतो, पुढे जातो. मग कठड्याशी येऊन हात वर करतो आणि खाली उभी असलेली माणसं जिना चढायला लागतात. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. वायू ओळखणारी मीटरं भिंतीवर आहेत, पण मीटर एका जातीचा वायू ओळखतं आणि विश्राम सात जातींचे ओळखतो, असं तिथे बोललं जाई. बोलणाऱ्यांचं चुकत नव्हतं, फक्त त्यांचं म्हणणं चार वर्षं जुनं झालं होतं.

तर चार वर्षं तो फेरी मारत होता आणि हुंगल्यासारखं करत होता. अगदी सुरुवातीला त्याला वाटलं, आज येईल, उद्या येईल. आल्यावर सांगण्यासारखं काही उरणारच नाही. मग सांगायची वेळ टळून गेली. एखादी गोष्ट आठवडाभर लपवली की तिला नुसती विसरणं म्हणता येतं, वर्षभर लपवली की तिला दुसरं नाव द्यावं लागतं. ते नाव तो घेत नव्हता. आणि त्याचं निभावत होतं ते जिवलीमुळे.

जिवली कंत्राटातली बाई. झाडणं, पुसणं आणि पिंपं धुणं हे तिचं काम. राहायला सालवडला, मूळची वर डोंगरातल्या एका पाड्यावरची. लावणीच्या दिवसांत ती दहा-बारा दिवस गावी जाते आणि ते दहा-बारा दिवस विश्राम प्रत्येक जोड हातानं चाचपून बघतो. फेरीच्या वेळी दुसऱ्या मजल्यावर ती झाडत असायचीच. सगळं ठीक आहे असा हात वर होईपर्यंत कोणी वर यायचं नाही म्हणतात, ते "कोणी" म्हणजे कायम कामगार. कंत्राटाची बाई आधीच वर आहे याचं कुणाला कधी काही वाटलं नाही. विश्रामलाही वाटलं नव्हतं, जोवर त्याला तिच्या तोंडाची गरज पडली नव्हती. तो तिच्या तोंडाकडे बघून चालायचा. तिचं नाक जरा फुगलं, भुवई हलली, पदराचं टोक तोंडाशी गेलं की तो तिथेच थांबायचा, जोड तपासायला लावायचा, आणि शंभरातल्या शंभर वेळा तिथे काहीतरी सुटलेलं निघायचं. लोक म्हणायचे, विश्रामकाकांचं नाक. तो हसायचा. एकदा चहाच्या वेळी त्यानं तिला विचारलं होतं, तुला इतकं कसं कळतं ग. ती म्हणाली, "वीटभट्टीवर वाढले काका. भट्टी कच्ची जळते का पक्की जळते, तां बा आमाला वासावरना विचारायचा. चुकलं तं आख्खी भट्टी वाया." तिच्या बोलीत मोठ्या माणसालाही तूच म्हणतात; ती विश्रामला तू म्हणे, मॅनेजरला तू म्हणे, आणि त्यात मान कमी आहे असं कधी वाटत नसे. विश्रामला ती फार थोर वाटायची. इतकं जाणणारं माणूस हातात खराटा घेऊन फिरतं आणि त्याचा तोरा म्हणून काही करत नाही, हे त्याला जमलं नसतं. त्याला तर नसलेल्या नाकाचाही तोरा होता.

दूध उतू गेलं त्या मंगळवारी फेरी नीट झाली. अकराच्या सुमारास माल सोडायचं काम सुरू झालं आणि तो दुसऱ्या मजल्यावर कठड्याशी उभा राहिला. जिवली खाली पिंपं धुवायला गेली होती. एवढंच झालं. नजर फिरवली तर बघायला तोंड नव्हतं. कुठूनतरी जयवंतीचा आवाज आला, कदी झाली, आणि त्याच्या मनात आलं की आत्ता, या क्षणी, इथे काही सुटलेलं असेल तर? मला कळणार नाही. आणि मग त्याला वाटलं की सुटलंच आहे. छातीत कुणीतरी मूठ आवळली. बोटांची टोकं मुंग्यांनी भरली, मग ओठ. पंपाचा आवाज लांब गेला, गावाबाहेरच्या गिरणीचा यावा तसा. श्वास आत जाईना. जाई तो पुरेना. सत्तावीस वर्षं तो नव्या माणसांना हीच लक्षणं शिकवत आला होता, छाती भरते, हात बधिरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणजे वायू. आता ती एकेक करून आपल्या अंगावर मोजताना त्याला भीतीपेक्षाही मोठी अशी एक लाज वाटली, की चाळीस माणसं माझ्या नाकाच्या भरवशावर खाली काम करतायत आणि त्यांना ओरडून सांगायला माझ्याजवळ श्वास नाही. कठडा हातातून सुटला. गुडघे आधी टेकले, मग खांदा.

पुढचं त्यानं नंतर लोकांकडून ऐकलं आणि ऐकताना त्याच्या अंगावर काटा आला. जिवली बादली घेऊन जिना चढत होती. तिनं त्याला पडलेलं पाहिलं आणि ती त्याच्याकडे धावली नाही. आधी भिंतीवरची काच फोडून सायरन दाबला. मग पदर बादलीत भिजवून नाकातोंडाला बांधला, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी कुठे उडतेय ते वाकून पाहिलं, आणि मगच त्याच्या काखेत हात घालून त्याला वाऱ्याच्या उलट बाजूच्या जिन्याकडे ओढत नेलं. पंचेचाळीस किलोची बाई आणि त्र्याऐंशी किलोचा माणूस. खाली चाळीस माणसं फाटकापाशी जमा झाली, शेजारचे दोन कारखानेही थांबले, अर्धा माल सोडलेली बॅच आतल्या आत गोठली. तासाभरानं मीटरं घेऊन वर गेलेले लोक खाली आले आणि म्हणाले, काही नाही. कुठेच काही नाही. मॅनेजर प्रणव साहेबांनी विचारलं, सायरन कोणी दाबला? संध्याकाळी जिवलीचा गेटपास काढून घेतला. गुरुवारी तीन वाजता चौकशी.

बोईसरच्या डॉक्टर किंजल यांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं, बोटाला चिमटा लावून प्राणवायू पाहिला. सगळं नीट. "हा पॅनिक अटॅक आहे, काका," त्या म्हणाल्या. "हृदयाचा नाही, वायूचा नाही. शरीर धोक्याची घंटा वाजवतं, पण धोका दिसत नाही. ढोंग नव्हे हां हे. जे झालं ते खरंच झालं." विश्रामनं कारण विचारलं. कारखान्यातला माणूस, बिघाड झाला की मूळ कुठलं ते सापडलंच पाहिजे, अशी त्याची सवय. डॉक्टर हसल्या. एकच असेल असं नाही, म्हणाल्या. थायरॉइड असू शकतं, ते आपण बघू. चहा-कॉफी फार, झोप कमी, पाळ्या बदलत्या. घराण्यात कुणाला असलं तर येऊ शकतं. जुना एखादा धक्का असतो, वर्षांनी डोकं वर काढतो. नाहीतर एखादा ताण, रोज थोडा थोडा, माणसाला सवय होते आणि शरीराला होत नाही. "आणि कधीकधी कारण मिळतच नाही. तरीही बरं होता येतं."

बुधवारचा सगळा दिवस तो खिडकीपाशी बसून कारणं तपासत राहिला, एकेका झडपेपाशी थांबावं तसा. चहा: दिवसाचे नऊ कप, कबूल. झोप: पाच तास, तेही कबूल. घराणं. इथे तो थांबला, कारण त्याला आपल्या गावची, माकुणसारची वाडी दिसली आणि पानवेलींच्या मांडवात आई खाली बसलेली दिसली, हातात विळी तशीच, तोंड पांढरं, आणि ती म्हणतेय, माजा जीव घाबरा झालाय रे, कोणाला तरी बोलाव. तो सात-आठ वर्षांचा असेल. बायका जमायच्या, मीठमोहऱ्या ओवाळायच्या, कोणी म्हणे वाडीतलं लागलं, कोणी म्हणे उन्हाचं. तासाभरानं आई उठायची, पदर खोचायची आणि राहिलेली पानं खुडायला घ्यायची. सगळ्या घराला तिचं हसू यायचं. विश्रामही हसायचा. आज चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी त्याला पहिल्यांदा कळलं की ती बाई मरणाला तोंड देऊन यायची आणि आल्यावर उरलेलं काम संपवायची, आणि आपण हसत होतो. तो खिडकीत बसून रडला. जयवंतीनं पाहिलं, नुसता हात त्याच्या डोक्यावरून फिरवला आणि आत गेली. मग जुना धक्का. तोही होता. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, आधीच्या एका कारखान्यात, बबलू नावाचा त्याच्या बरोबरीचा पोरगा टाकी धुवायला उतरला आणि आत पडला. विश्राम ओरडत त्याच्यामागे उतरला. त्याला दोघांनी वेळेत बाहेर ओढलं, बबलूला ओढता आलं नाही. त्या टाकीतल्या वायूला वास नव्हता. तेव्हापासून तो प्रत्येक नव्या माणसाला सांगत आलाय, वास नसला तरी माणूस पडला की आधी सायरन, मग माणूस. माना सगळे डोलावतात. आणि वेळ आली की सगळे आपल्या माणसाकडे धावतात. एवढ्या वर्षांत हे सांगणं कुणी पाळलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. ते पाळलं एका बाईनं, जिला ते शिकवायला कुणी वर्गात बसवलंच नव्हतं. ती मागे उभी राहून झाडत होती, तिनं ऐकलं असणार. आणि तिचाच पास गेला.

राहिला रोजचा थोडा थोडा ताण. त्याच्यापाशी विश्राम आला आणि पुढे सरकेना. कारण सापडलं होतं. ते त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. चार वर्षं रोज सकाळी त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर जे पाऊल अडायचं त्याला तो म्हातारपण म्हणत आला होता.

संध्याकाळी पाचला तो रिक्षानं सालवडला गेला. चाळीच्या नळावर बादल्यांवरून हिंदीत भांडण चाललं होतं. जिवली दाराशी बसून मेथी निवडत होती. त्याला बघून ती उठली, त्याच्यासाठी खुर्ची आणली आणि आपण पुन्हा खालीच बसली.

"तू बरा हाय ना काका?"

"बरा हाय." मग जे ठरवून आला होता ते भराभरा बोलला. "हे बघ. उद्या तुला विचारतील, वास आला होता का. तू हो म्हण. मीपण हो म्हणतो. माझं कुणी मोडणार नाय. किरकोळ सुटलं होतं, वाऱ्यानं गेलं, असं लिहितील नि तुझा पास परत देतील. कोणाचं काय बिघडत नाय."

जिवलीनं एक जुडी संपवली, दुसरी सोडली. "वास नवता."

"ते मला ठाऊक आहे."

"तुला कसा ठाव आसंल?" ती म्हणाली. रागानं नाही, मेथीची मुळं बाजूला टाकताना जसं बोलतात तसं. "तुला वास येत नाय."

नळावरचं भांडण मिटलं होतं, नाहीतर त्याला ऐकू येत नव्हतं. "कधीपासून कळलंय तुला?"

"पयल्याच पावसाळ्यात. तीन नंबरच्या पंपापाशी माजे डोले भरले, नि तू तिथंच उभा ऱ्हाऊन कोनाशी तरी हसत होतास."

"मग सांगितलं का नाहीस कोणाला?"

"माला कोनी इचारला नाय." तिनं त्याच्याकडे वर बघितलं. "नि तू थांबत तरी होतास. माजं तोंड बगून थांबत होतास. दुसरा कोनी आला आसता तं तो थांबला नसता. म्हंजे जोड तसाच ऱ्हायला आसता."

विश्रामला वाटलं होतं की तो चोरून बघतोय. ती चार वर्षं त्याला बघू देत होती. त्यानं पुन्हा म्हणून पाहिलं, यावेळी जरा अजिजीनं, की उद्या एवढं एकदा हो म्हण, तुझी पोरं आहेत, घरभाडं आहे. जिवली म्हणाली, "नसलेला वास मी आला म्हनू, नि परवाला खराच येल तवा मी बोंबलीन. कोन मानेल? तां चाळीस जना काय करतील?" आणि मग, त्याला वाईट वाटलं असेल असं वाटून, "च्या घे. साखर कमी टाकते, तुज्या छातीला," म्हणून ती आत गेली. तो त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून राहिला. त्याला तिच्याविषयी जे वाटत होतं त्याला आदर हा शब्द अपुरा होता. एवढं मात्र खरं की जन्मात पहिल्यांदा त्याला कुणासारखं तरी व्हावंसं वाटलं, आणि ते कुणी म्हणजे खाली बसून त्याच्यासाठी चहा गाळणारी ही बाई होती.

गुरुवारी तीनला प्रणव साहेबांच्या केबिनमध्ये चौघं होते. साहेब, कंत्राटदार आत्माराम, जिवली आणि विश्राम. गेटपास टेबलावर काचेखालच्या कॅलेंडरपाशी पडला होता. साहेब तिशीतले, वागायला सरळ; त्यांच्यावरही वरून दट्ट्या असणार हे दिसत होतं. त्यांनी जिवलीला विचारलं, वास आला होता का? ती म्हणाली, नाय. मग दाबलं कशाला? माणूस पडला म्हून. आत्माराम मध्येच म्हणाला, "साहेब, ऑपरेटरला विचारल्याशिवाय कंत्राटाच्या माणसानं बटणाला हात लावायचा नाही, हे मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. ही ऐकत नाही." जिवली म्हणाली, "इचारायचा व्हता तोच पडलेला." साहेबांना हसू आलं, ते त्यांनी आवरलं आणि खुर्ची विश्रामकडे वळवली.

"काका, तुम्ही सांगा. तुमचा शब्द असला की मला पुढे काही विचारायचं नाही. थोडासा तरी वास आला असेल ना? आला होता, एवढं म्हणा, मी हे इथेच बंद करतो."

सुटका अशी ताटात वाढून समोर आली होती. विश्रामनं तोंड उघडलं आणि बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या. तो झटका ओळखीचा झाला होता आता. छातीतली मूठ, मग ओठ, मग ते सगळे आवाज लांब जाणं. पंखा लांब गेला. आत्मारामचा चेहरा लांब गेला. त्याला उठून दार गाठायचं होतं, मोकळ्यावर जायचं होतं, आता मरतो असं वाटत होतं, आणि त्याच वेळी मांडवात बसलेली आई डोळ्यांपुढून गेली.

"वास आला का नाही, मला सांगता येणार नाही," तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हता, पण शब्द त्याचे होते. "मला वास येत नाही. चार वर्षं झाली. कोरोनानंतर आलाच नाही."

साहेबांचं पेन थांबलं.

"सकाळची फेरी मी मारतो ती हिच्या तोंडाकडे बघून मारतो. चार वर्षांत जेवढं सुटलेलं सापडलं, तेवढं हिनं शोधलंय. माझ्या नावावर लागलं. मंगळवारी ही खाली होती, म्हणून मी घाबरलो. वायू नव्हता. घबराट होती. डॉक्टरांचा कागद आणलाय." तो थांबला. श्वास पुरेना. खिशातून काढलेला कागद दोनदा खाली पडला, दोन्ही वेळा जिवलीनं उचलून दिला. "माणूस पडला की आधी सायरन. हे मीच शिकवतो. तिनं केलं ते बरोबर केलं. चुकलं असेल तर माझं."

साहेबांनी विश्रामच्या घामेजलेल्या कपाळाकडे पाहिलं आणि पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला. "काका, हे लिहिलं तर मला तुम्हाला उद्यापासून वर पाठवता येणार नाही. समजतंय ना?"

"समजतंय."

साहेबांनी गेटपास उचलला आणि जिवलीला दिला. आत्माराम काही म्हणायला गेला, साहेबांनी त्याला हातानंच थांबवलं. जिवली मात्र गेली नाही. पास मुठीत धरून विश्रामच्या खुर्चीमागे उभी राहिली. साहेब हळूच म्हणाले, "तुम्हाला आत्ताही होतंय का ते? राहू दे मग. बाहेर बसा जरा. बरं वाटलं की उद्या लिहू."

"आत्ताच होतंय," विश्राम म्हणाला, टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून. "बरं वाटत नाही. तरी तुम्ही लिहून घ्या."